बेटावरचं स्नान

आमच्या घरात स्कॉटलंड शिरलं ते नवऱ्याच्या ऑफिसातून. तिथे एक स्कॉटिश साहेब आहे, साठीला टेकलेला, उन्हानं मान कायमची लाल झालेला. तो दर उन्हाळ्यात गावी जातो आणि परत आला की जेवणाच्या सुट्टीत फोनवरचे फोटो दाखवत बसतो. फोटो नेहमी एकाच बेटाचे. चिमुकलं बेट, मधोमध हिरवी टेकडी, टेकडीवर मेंढ्या, आणि आभाळ असं की आता रडेल की मग. सकाळच्या बोटीनं जायचं, दिवसभरात अख्खं बेट पायाखाली घालायचं, संध्याकाळच्या बोटीनं परत यायचं. बस, एवढंच. पण नवऱ्याच्या डोक्यात ते बेट असं बसलं की वर्षभर आमच्या शारजातल्या घरात दुसरा विषय नव्हता.

व्हिसासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. मला फारसं वाईट वाटलं नाही. मेंढ्या बघायला एवढ्या लांब जायचं, तर आमच्या माणदेशानं काय घोडं मारलंय? पण नवरा हिरमुसला. मग एका रात्री नकाशा चाळता चाळता त्याला दलमा सापडलं. अबू धाबीच्याही पलीकडे, देशाच्या पार पश्चिम टोकाला. फेरीबोट जाते, टेकड्या आहेत, माणसं राहतात, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. म्हणाला, स्कॉटलंडच समज, फक्त पाऊस नाही. गवत नाही, मेंढ्या नाहीत आणि थंडीही नाही, ही भर मी घातली. मी त्याला गरिबांचं स्कॉटलंड म्हणायला लागले आणि आमच्या तेरा वर्षांच्या लेकीनं ते नाव उचलून धरलं.

जायचं ठरलं त्याच आठवड्यात साताऱ्याहून फोन आला की सासूबाईंना ऍडमिट केलंय. छातीत कफ साठला होता, ताप उतरत नव्हता. मोठे दीर आणि जाऊबाई साताऱ्यालाच असतात, सगळं तेच बघतात. दीर म्हणाले, काळजीचं कारण नाही, दोन दिवसांत सोडतील. आदल्या संध्याकाळी सासूबाई स्वतः फोनवर बोलल्या. आवाज खोल गेला होता, पण तोंड शाबूत होतं. आम्ही सहल रद्द करतो म्हटल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या की मी काय पळून चाललेय का, जा, पोरीला फिरवून आण. म्हणून आम्ही निघालो.

शनिवारी उजाडायच्या आत शारजातल्या आमच्या अल मजाजमधून गाडी काढली. दुबई मागे पडली, अबू धाबी मागे पडलं, मग नुसता रस्ता. उजवीकडे मिठाचं पांढरं पडलेलं माळरान, डावीकडे कुंपणामागे वाळू, आणि पुढे न संपणारी ट्रकांची रांग. लेक मागच्या सीटवर कानात इअरफोनची बोंडं घालून झोपलेली. नवरा मात्र रंगात होता. त्यानं साहेबाची नक्कल करत बेटावरच्या वाऱ्याची वर्णनं सुरू केली. जबल धन्नाच्या धक्क्यावर गाडी फेरीत चढवली. फेरीत भाजीचे खोके होते, गॅसच्या टाक्या होत्या, सुट्टीवरून कामावर परतणारे चार-सहा बांगलादेशी होते आणि काचेआड ए.सी. लावून बसलेली दोन अरब कुटुंबं. तासाभराहून जास्त वेळ निळं पाणी कापत गेलो आणि मग समोर ते बेट दिसलं. तपकिरी, उघडंबोडकं, मधोमध टेकड्या. नवरा म्हणाला, बघ. मी म्हटलं, बघतेय.

खोटं कशाला बोलू, बेट मला आवडलं. खाली गाव नेटकं, रस्ते रिकामे. समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडात बांधलेल्या जुन्या, बुटक्या मशिदी. मोत्यांच्या एका व्यापाऱ्याचं जुनं घर, ज्याच्या वरच्या मजल्यावर चारी बाजूंनी खिडक्या ठेवल्या होत्या, वारा मिळावा म्हणून. पूर्वी इथे मोती काढणारे पाणबुडे यायचे, कारण बेटावर गोडं पाणी होतं. ते पाणबुडे नाकाला चिमटा लावून तळाशी जायचे आणि काही जण वर यायचेच नाहीत. लेकीला ही माहिती फार आवडली. त्या वयात मरणाच्या गोष्टी आवडतात.

मग टेकडी. गाडी जाईल तिथवर नेली आणि पुढे पायी निघालो. माती नाहीच. नुसता काळसर-लाल, भुसभुशीत दगड. पाय टाकला की त्याचा चुरा व्हायचा आणि मूठभर खडे घरंगळत खाली जायचे. टेकडी काही उंच नव्हती, आमच्या अजिंक्यताऱ्यापुढे पोरगीच, पण झाडाचं एक पान नाही, त्यामुळे चढ अंगावर यायचा. डिसेंबर असूनही मला घाम फुटला. नवरा पुढे, मग लेक, मग मी, पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चहाचा थर्मास घेऊन. वर पोचलो तेव्हा चारी बाजूंनी पाणी दिसलं. वारा असा की ओढणी तोंडात जात होती. नवऱ्यानं दोन्ही हात पसरले आणि साहेबाला पाठवायला फोटो काढून घेतला. त्या फोटोत तो हसतोय. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे, तो मी कुणाला दाखवत नाही.

मी डबा उघडत होते तेवढ्यात त्याचा फोन वाजला. साताऱ्याहून दीर. नवरा "हं" म्हणाला. थोड्या वेळानं परत "हं" म्हणाला. डॉक्टर काय म्हणतात हे त्यानं विचारलं नाही. "बरं, निघतो," असं म्हणून फोन बंद केला आणि उभा होता तिथेच खाली बसला.

मी विचारलं, काय झालं.

"आई सीरियस आहे म्हणतोय. जमेल तसं ये म्हणतोय." मग माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "गेली."

आखातात राहिलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे गावाहून येणारी वाईट बातमी एक पायरी उतरवून सांगतात. 'जरा बरं नाहीये' म्हणजे ऍडमिट केलंय. 'ऍडमिट केलंय' म्हणजे आय.सी.यू. आणि 'सीरियस आहे, निघ' म्हणजे संपलं, लोक जमलेत, तुझ्यासाठी थांबलेत. परदेशात एकटा माणूस, त्याला विमानात काही होऊ नये, म्हणून असं सांगायचं. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला असा फोन आला की शेजारच्या बायका निमूटपणे त्याची बॅग भरतात, कुणी तिकीट काढतं, कुणी विमानतळावर सोडायला जातं. "कसे आहेत आता?" असं कुणीही विचारत नाही. दुबईतल्या अल कुसैसच्या आमच्या एका ओळखीच्यांना तर त्यांच्या मॅनेजरनं, तोही मल्याळी, 'सीरियस' शब्द ऐकताच खांद्यावर हात ठेवून सांत्वन केलं होतं. म्हणजे हे काही फक्त आमच्यातच आहे असं नाही.

नवऱ्यानं हे एकदा भोगलं होतं. त्याचे वडील, नाना, गेले तेव्हा लेक तान्ही होती आणि मी इथेच राहिले होते. तेव्हाही दिरांचाच फोन. नाना सीरियस आहेत, लगेच निघ. तेव्हा नवरा नवखा होता, त्यानं शब्द जसाच्या तसा घेतला. विमानतळावर त्यानं नानांसाठी पाठीला टेकायची उशी विकत घेतली, हॉस्पिटलच्या कॉटवर बसायला बरी पडेल म्हणून. ती काखेत मारून तो गल्लीत शिरला तर दारात बांबू आणि सुतळी. तिरडी बांधत होते. उशी कुणाच्या हातात द्यावी हे त्याला कळेना. हे त्यानं मला फार उशिरा सांगितलं, आणि तेही एकदाच.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्या दिवशी टेकडीवर तो 'सीरियस'वर क्षणभरही थांबला नाही. आणि मीसुद्धा नाही. मी त्याच्याजवळ बसले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि डब्याचं झाकण लावून टाकलं. सुतकात कोण खाणार?

लेकीला मी सांगितलं की आजी गेली. ती आमच्याकडे टकमका बघत राहिली.

"बट काकानं सीरियस सांगितलं," ती म्हणाली. "सीरियस मीन्स शी इज अलाइव्ह, ना?"

मी म्हटलं, आपल्याकडे असंच सांगतात.

"देन व्हॉट डू यू से व्हेन समवन इज रिअली सीरियस?"

उत्तर नसलं की आईबापांना राग येतो, तसा मला आला. बाबांकडे बघ आणि गप्प बस, असं मी तिला दरडावलं. मला तेव्हा तिची कीव आली होती, हे आता सांगायलाही लाज वाटते. इथे वाढलेली पोर, हिला आपली भाषा समजत नाही, असं वाटलं होतं.

दुपारची फेरी सुटून गेली होती आणि पुढची चारनंतर होती. म्हणजे पळत सुटावं असंही काही नव्हतं. आम्ही टेकडी उतरलो. उतरताना तो दोनदा घसरला. खाली गाडीत बसल्यावर मला वाटलं धक्क्यावर जाऊ, सावलीला बसू. त्यानं गाडी किनाऱ्याकडे घेतली. गावापासून थोडं बाजूला, कुणी नाही अशा जागी थांबवली आणि बूट काढले.

एरवी देवघराकडे ढुंकून न बघणारा हा माणूस. वर्षानुवर्षं मी याच्याकडून एक आरती म्हणवून घेऊ शकले नाही. पण लांबच्या देशात असताना आईबाप गेल्याचं कळलं तर ऐकल्याबरोबर अंगावरच्या कपड्यांनिशी स्नान करायचं, सचैल स्नान, हे त्याला कुणीतरी लहानपणी सांगितलेलं होतं आणि ते तेवढंच आत राहिलं होतं. नानांच्या वेळी ते करायचं राहून गेलं, कारण त्या वेळी तो आशेवर होता. त्यानं फोन आणि पाकीट माझ्या हातात दिलं आणि पँट-शर्टासकट तो पाण्यात चालत गेला.

पाणी लांबवर गुडघ्याएवढंच. त्याला खूप आत जावं लागलं. मग तो खाली बसला, डोकं बुडवलं, वर आला, परत बुडवलं. त्याचं रडणं मला वाऱ्यावरून ऐकू येत होतं. इतकी वर्षं संसार केला, पण याला मोठ्यानं रडताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आणि माझ्या हातातला त्याचा फोन वाजायला लागला. दीर.

मी किनाऱ्यावरून ओरडले, "दादांचा फोन आहे."

तो पाण्यात उभा होता, कपडे अंगाला चिकटलेले. त्यानं हातानंच नको म्हटलं. मग ओरडून म्हणाला, "उचलू नकोस. सगळे रडत असतील. मला आत्ता नाही ऐकवणार."

फोन वाजून वाजून बंद झाला. थोड्या वेळानं परत वाजला. लेक माझ्या शेजारी उभी होती. "जस्ट पिक अप, आई," ती म्हणाली. मी फोन सायलेंट करून पर्समध्ये टाकला.

किनाऱ्यावर एक बांगलादेशी माणूस मासे पकडायचे तारेचे मोठे पिंजरे दुरुस्त करत बसला होता. कपड्यांनिशी पाण्यात शिरलेला माणूस बघून तो धावत आला. त्याला वाटलं असणार की हा जीव द्यायला निघालाय. "क्या हुआ, बहेन?" त्यानं विचारलं.

"इनकी माँ गुजर गयी," मी म्हटलं.

हे वाक्य मी माझ्या तोंडानं उच्चारलं. तोवर ते आमच्या तिघांतच होतं, आता बाहेर पडलं आणि पक्कं झालं. तो माणूस छातीवर हात ठेवून काहीतरी पुटपुटला आणि जाऊन आपली कोरडी लुंगी घेऊन आला. नवरा बाहेर आला तेव्हा त्यानं ती स्वतःच्या हातानं त्याच्या खांद्यावर टाकली. नवऱ्यानं मान हलवली. त्याचे दात वाजत होते.

फेरीची वाट बघताना मी माझ्या फोनवरून दुसऱ्या दिवशी सकाळच्या पुण्याच्या विमानाची तिघांची तिकिटं काढली. रात्रीच्या विमानात जागाच नव्हती. मग घरचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला, मनाची तयारी करून, की हार घातलेला फोटो असेल, भावपूर्ण श्रद्धांजली असेल. तिथे काहीच नव्हतं. सकाळचं सुप्रभात, एका चुलत नणंदेच्या घरच्या बारशाचा फोटो. मला वाटलं, किती जपतायत बिचारे. आम्ही पोचेपर्यंत कुणाला कळूही दिलं नाही. दिरांना मी मेसेज केला की निघालोय, उद्या दुपारपर्यंत पोचतो. दिरांना टाइप करता येत नाही. त्यांनी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. मी ते नवऱ्याला दाखवलं. त्यानं पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्या जोडलेल्या हातांचा दुसरा काही अर्थ असेल, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही.

परतीच्या फेरीत तो लुंगी पांघरून काचेशी बसला होता. पर्समध्ये फोन थरथरत होता, तो मी मधून मधून बघत होते. दीर, दीर, दीर. तेव्हा मी त्याला म्हटलं की काहीतरी विचारायचं असेल त्यांना. तो म्हणाला, "किती वेळ ठेवायचं ते विचारणार. मी आल्याशिवाय ते नेणार नाहीत, मला माहितेय. त्यासाठी बोलायची काय गरज आहे?" पटण्यासारखं होतं. धक्क्यावर उतरून गाडी चालवायला बसायच्या आधी त्यानं फोन मागून घेतला आणि माझ्या फोनसकट पूर्ण बंद केला. रस्ता लांबचा होता, रात्रीचा होता, डोळ्यांत पाणी घेऊन गाडी चालवताना मध्येच तो वाजायला नको, म्हणून मीही काही म्हटलं नाही.

घरी येऊन बॅगा भरल्या. शेजारच्या बाई चहा घेऊन आल्या, काही न विचारता माझी इस्त्री करून गेल्या. सकाळी विमानात बसलो. तिघांनाही खिडकी मिळाली नाही. लेक मधल्या सीटवर होती. ती एकदाच बोलली. "आपण एकदा कन्फर्म तरी करायचं," ती म्हणाली, हे मात्र मराठीत.

पुण्याला उतरल्यावर नवऱ्यानं फोन सुरू केला आणि दिरांना लावला. ते एवढंच म्हणाले, "या. वाट बघतोय." खंबाटकी घाट ओलांडला, सातारा आला, आणि आम्ही गल्लीत शिरलो. दारात माणसं होती. बांबू होते. या वेळी त्याला त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. तो तयार होऊनच आला होता.

आत पुढच्या खोलीत सासूबाईंना चटईवर ठेवलं होतं. कपाळाला बुक्का, नाकात कापूस. तो त्यांच्या पायांशी बसला, पायांवर डोकं ठेवलं. रडला नाही. त्याचं रडून झालं होतं. जाऊबाई माझ्या गळ्यात पडल्या आणि हुंदके देत म्हणाल्या, "पहाटेपर्यंत शुद्धीवर होत्या गं."

नवऱ्यानं मान वर केली. "काल पहाटेपर्यंत?"

"काल कशाला? आज. आज पहाटे गेल्या."

खोलीत बरीच माणसं होती, पण मला त्या वेळी फक्त त्याचा चेहरा दिसत होता. तो हळूहळू उठला आणि दिरांसमोर जाऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "काल दुपारी तू फोन केलास."

"केला की. नंतरही कितीदा केला."

"सीरियस म्हणालास."

"सीरियसच होती," दीर म्हणाले. त्यांचे डोळे सुजले होते, दाढी वाढली होती, ते दोन रात्री झोपले नव्हते. "नानांच्या तेराव्याला तू मला माडीवर नेलंस. शर्टाला धरलंस माझ्या. विमानभर मला आशेला लावलंस म्हणालास. आईची शपथ घ्यायला लावलीस, की परत कधी तुला खोटं सांगणार नाही. काल मी फोन हातात घेतला तेव्हा ही म्हणाली, थोडं जास्त सांगा, म्हणजे लगेच निघतील. मी म्हटलं, नाही, आहे तेवढंच सांगणार."

हे शपथेचं मला माहीत नव्हतं. नवऱ्यानं उशीची गोष्ट सांगितली होती, ही नव्हती. मला आधी दिरांचा राग आला, मग नवऱ्याचा, मग कुणाचाच येईना. पूर्वी म्हणे एका अक्षरानं घात केला होता, कुणीतरी ध चा मा केला होता. इथे तर कुणी काना-मात्राही बदलली नव्हती. ध लिहून आला आणि आम्ही मा वाचला. आणि माझ्या डोळ्यांसमोर तो किनारा आला. सासूबाई इथे कॉटवर डोळे उघडे ठेवून पडल्या होत्या आणि त्यांचा मुलगा तिकडे त्यांच्या नावानं अंघोळ करत होता.

"बोलत होती?" नवऱ्यानं विचारलं.

दीर म्हणाले, संध्याकाळपर्यंत नीट बोलत होती. ऑक्सिजनचा मास्क बाजूला सरकवून बोलायची. नर्स रागवायची, तरी सरकवायची. त्याला फोन लावून दे म्हणाली. पहिल्यांदा लावला तेव्हा वाजला, कुणी उचलला नाही. परत लावला. तिनं फोन स्वतःच्या कानाला लावून धरला होता, रिंग ऐकत होती. पोरीला फिरवत असेल म्हणाली. मग रात्री लावला तर बंदच लागला.

नवरा भिंतीला टेकला. मी त्याच्याजवळ जायला निघाले, पण त्यानं हातानं मला थांबवलं. त्याला अजून एक विचारायचं होतं.

"बंद लागतोय म्हटल्यावर तिला काय सांगितलंस?"

दिरांनी एकदा सासूबाईंकडे पाहिलं. "सांगितलं की विमानात बसलाय. विमानात फोन बंद ठेवावा लागतो." आणि मग इतका वेळ धरून ठेवलेलं त्यांचं रडू फुटलं. म्हणाले, तुला खोटं सांगणार नाही म्हणून तिची शपथ घेतली होती, आणि तिलाच खोटं सांगितलं.

पुढचं जाऊबाईंनी सांगितलं, कारण दिरांना बोलता येईना. शारजाहून यायला विमानाला किती वेळ लागतो, हे सासूबाईंना पाठ होतं. इतकी वर्षं त्या तेच मोजत आल्या होत्या. रात्री त्यांनी विचारलं, उतरला असेल ना आता? जाऊबाई म्हणाल्या, उतरला असेल. मग थोड्या वेळानं विचारलं, खंबाटकी ओलांडला असेल? जाऊबाई हो म्हणाल्या, दुसरं काय म्हणणार. मग त्यांनी स्वतःला दाराकडच्या कुशीवर वळवून घेतलं. बाहेरच्या बोळात कुणाची चाहूल लागली की डोळे उघडायच्या. नर्स यायची, वॉर्डबॉय यायचा. परत मिटायच्या.

"रागावली होती?" नवऱ्यानं विचारलं.

जाऊबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "नाही रे. शेवटी एवढंच म्हणाल्या, 'विमानांना उशीर होतो. दमून येईल तो. आल्यावर त्याला कुणी बोलू नका.'"

त्याला कुणी काही बोललं नाही.